बोलले तसाच लिव

आमच्या घरमालकीणबाई रोजनिशीच्या प्रत्येक पानाखाली अंगठा उठवायच्या. शाईचं निळं पॅड त्यांनी खास त्यासाठी आणवलेलं. दिवसाचं लिहून झालं की मी वही त्यांच्यापुढे सरकवायची. त्या डावा अंगठा पॅडवर घोळवून पानाच्या कोपऱ्यात दाबायच्या आणि उरलेल्या कोऱ्या ओळींवर मला तिरकी रेघ मारायला लावायच्या.

"मोकली जागा ठेवू नको गो. मागशी कोन काय लिवल, आपल्याला काय ठाव?"

ही रोजनिशी आहे, जमिनीचा कागद नाही, असं मी सुरुवातीला दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगठा उठवला.

मी त्यांना काकी म्हणायची. मी तेव्हा सांगलीहून नोकरीसाठी आलेली, ठाण्याला वर्तकनगरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि कोपरला काकींच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. आजूबाजूला सगळ्या सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगा. त्यातल्या दोन काकींच्याच जमिनीवर उभ्या. दोन्ही मुलगे समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे, गॅलरीतून आईचं अंगण दिसायचं. काकी मात्र वडिलांच्या जुन्या घरात एकट्या. मुलं बोलवायची तेव्हा त्या म्हणायच्या, "सातव्या माल्यावर जाऊन मी काय करू? तिथं मांजर पन येत नाय."

पासष्टीच्या असतील. काळ्या, काटक, आवाज खणखणीत. लहानपणी मिठागरात मीठ वाहिलेलं, त्यामुळे मान कायम ताठ, डोक्यावर पाटी असल्यासारखी. सकाळी उठल्या की आधी अंगणात उभं राहून वारा कुठला आहे ते बघायच्या. आमची रोजनिशीही तशीच सुरू व्हायची. "आज वारा खाडीचा." मग पुढचं. मी एकदा विचारलं, "वाऱ्याचं कशाला रोज?" तर म्हणाल्या, "वारा सांगितल्याबिगर मी काय बोलते त्या समजल कसा?"

ही रोजनिशी सुरू झाली ती छातीतल्या धडधडीमुळे.

दुपारी जेवून आडव्या झाल्या की काकींच्या छातीत धडधडायला लागायचं. "छातीन कोंबरा फडफडतंय," असं त्या सांगायच्या. हृदयाच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं, रक्त तर मीच काढलं. सगळं चांगलं. शेवटी थोरला मुलगा त्यांना आमच्या लॅबजवळच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला. लॅब जवळच म्हणून मीही सोबत गेले. डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलायच्या, ऐकून घ्यायच्या. काकींनी त्यांना वारा सांगितला, मासळी सांगितली, सुनांच्या हातची आमटी सांगितली. धडधड कधीपासून सुरू झाली, तेवढं मात्र सांगितलं नाही.

डॉक्टरांनी एक बारीक गोळी दिली आणि म्हणाल्या, "आणि आजी, रोज थोडं लिहीत जा. मनात येईल ते. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही."

मुलानं मान डोलावली. काकींनीही डोलावली. काकींना लिहिता येत नाही हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मुलाला ठाऊक होतं, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. मला तर माहीतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी काकी दोनशे पानी वही घेऊन वर आल्या.

"डाक्तरनीनं लिवाला सांगितलाय. घे, लिव."

"मी? काकी, ते कुणाला दाखवायचं नसतं, असं म्हणाल्या ना त्या?"

"तुला कुठं दाखवतंय? तू त पेन हायस."

अशी मी पेन झाले. लॅबमधून आले की चहा घ्यायचा आणि सात वाजता खाली जायचं. काकी एका जागी बसून कधी सांगत नसत. कोलंबी सोलता सोलता, वाल निवडता निवडता, मांजरीला शिव्या देता देता सांगायच्या. मी विचारायची, "मांजरीचं पण लिहू?"

"लिव. आथा मनान तीच हाय."

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. मला कॉलेजपासून लिहायची हौस. काकींचं बोलणं मी थोडं नीटनेटकं करून उतरवत होते. शनिवारी त्या म्हणाल्या, "वाच बघू काल काय लिवलास."

मी वाचलं, "धाकट्या नातीचा हॉस्टेलवरून फोन आला नाही, म्हणून मन उदास झाले."

काकींनी वाल निवडायचे थांबवले. "यो कोन उदास?"

"तुम्हीच."

"मी कवा उदास बोलले? मी बोलले पोटान खड्डा परला. खड्डा कुठं गेला माझा?"

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. "तुझा चांगला लिवशील त त्या तुझा झाला. मना धडधड माझी घालवाचीय. बोलले तसाच लिव."

मी ओळ खोडली आणि खड्डा परत आणला. त्यानंतर त्यांचा एक शब्दही मी बदलला नाही. आता कुणी डायरी लिहायची म्हणून शोभेच्या वाक्यांनी सुरुवात केली, की मला तो खड्डा आठवतो.

वही त्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. सुना येऊन कपाटं आवरतात, पण तांदूळ स्वतः काढून घेत नाहीत, हा त्यांचा हिशोब. त्यामुळे पानांना तांदळाचा वास यायचा आणि कधी कधी मधून एखादा टोका निघायचा. पाच-सहा महिन्यांत दोन वह्या भरल्या. काकी लोकांना सांगायला लागल्या, "माझा लिवाचा टाइम झाला," आणि सात वाजता आलेल्या शेजारणीला सरळ उठवायच्या. गोळी वेळेवर घ्यायच्या. झोप बरी लागत होती. पण धडधड जात नव्हती.

लिहिता लिहिता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकींची धाकटी बहीण टिटवाळ्याला राहायची. काकी तिला 'धाकली' म्हणायच्या. ही धाकली बोलण्यात आली की रोजनिशी अडायची. मांजरीवर पाऊण पान सांगणारी बाई म्हणायची, "आज धाकलीचा फोन आयलेला. बस. येवढाच लिव." आणि लगेच अंगठा.

एक दिवस मात्र त्या पुढे गेल्या. शेजारणीशी सातबाऱ्यावरून काहीतरी बोलणं झालेलं. पाट्यावर मसाला वाटत होत्या. म्हणाल्या, "लिव. मी न् धाकली कचेरीन गेलो..." आणि वरवंटा थांबला. मी मान वर केली. त्या माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या.

"खोड."

"काय खोडू? 'कचेरीन' एवढंच तर लिहिलंय."

"तेवढाच खोड."

त्यानंतर आठवडाभर मला हाक आली नाही. मी सात वाजता खाली जायची तर दार लावलेलं. मला वाटलं, माझं काही चुकलं. आठव्या दिवशी काकी वर आल्या. हातात नातवाची जुनी दुरेघी वही आणि पेन्सिल.

"मना शिकव."

"लिहायला? काकी, मी लिहिते ना. कंटाळले नाहीये मी."

"तुझ्यासमोर मनातला भायेर येत नाय गो," त्या म्हणाल्या. "पेनला पन डोले हायेत."

मी शिकवायला बसले. अ अननसाचा म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी मोडता घातला. "अननसाचा मना काय करायचाय? माझे कामाची अक्षरा दे." म्हणून आम्ही उलटं सुरू केलं. त्या शब्द सांगायच्या, मी त्यातली अक्षरं काढून द्यायची. पहिला शब्द होता 'मीठ'. दुसरा 'धाकली'. तिसरा 'खोटा'.

पेन्सिल त्या कोयत्यासारखी धरायच्या. टोक तुटलं की पेन्सिललाच रागवायच्या. वेलांटीवरून आमची रोज भांडणं. "हिची शेपटी डाव्या अंगाला का उजव्या?" विसरल्या की दोन्ही बाजूंनी काढून ठेवायच्या, "तुला पायजे ती घे." दुपारची धडधड सुरू झाली की आडवं न होता उठून 'ठ' गिरवत बसायच्या. 'ठ' त्यांना आवडायचा. चार महिने गेले. समोरच्या गॅलरीतून मुलगा ओरडून विचारायचा, "आई, काय परीक्षेला बसतेस काय?" काकी खालून सांगायच्या, "व्हय! तुझी ऱ्हायलेली देतंय!"

अक्षरं बसली तेव्हा सराव म्हणून त्या म्हणाल्या, "आज तू सांग, मी लिवते."

मी सहज म्हटलं, "आज डब्यात भेंडी होती." त्यांनी लिहिलं, 'आज डब्यान भेंडी व्हती.'

"काकी, मी 'होती' म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, 'व्हती' खोडलं आणि 'होती' केलं. "बरोबर. तुझा तुझ्यासारखा. पुढं?"

त्या पेन्सिल धरून थांबलेल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी फोनवर सांगते मी मजेत आहे. मी मजेत नाही."

काकी खाली वाकून लिहायला लागल्या. एकेक अक्षर. 'घरी'ला वेळ लागला, 'फोन'ला त्याहून जास्त. मी बोललेलं वाक्य असं हळूहळू माझ्यासमोर कागदावर येत होतं आणि मला ते परत घेता येत नव्हतं. 'मजेत'पाशी त्यांनी विचारलं, "यो ज जहाजाचा का जेवनाचा?" मी म्हटलं, "दोन्ही एकच असतो." त्यांनी वर बघितलं नाही, 'नाही' पूर्ण केलं, मग मला पाणी आणून दिलं.

"अजून सांगू?" मी विचारलं.

"खरा तेवढाच सांग. मना लांब लिवता येत नाय."

मी बरंच सांगितलं, आणि त्यांनी त्यातल्या तीन ओळी लिहिल्या. त्या रात्री मी घरी फोन करून आईला पहिल्यांदा सांगितलं की मला इथं एकटं वाटतं. आई पुढच्या रविवारी आली, चार दिवस राहिली. काकींनी तिला रोज मासे खायला घातले आणि या सगळ्यातला एक शब्दही काढला नाही.

त्यानंतर काकींनी दार लावून घेऊन लिहायला सुरुवात केली. आठ-दहा दिवस. मी जिन्यावरून जाता-येता आतून फक्त खोडरबराचा आवाज यायचा. मग एका रविवारी जेवण झाल्यावर त्या चांगली साडी नेसून वर आल्या.

"चल, टिटवाल्याला जाऊ."

वाटेत मी विचारलं, तर त्यांनी पिशवीतला चार घड्यांचा कागद दाखवला. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुणाला दाखवायचं नाही."

"ज्याचा हाय त्याला पन नाय?"

धाकली एका नव्या बिल्डिंगमध्ये, भाड्याच्या दीड खोलीत मुलगा-सुनेसोबत राहत होती. मुलगा आणि सून बाहेर गेलेले. काकींपेक्षा सहा वर्षांनी लहान, तसाच चेहरा, फक्त मऊ. नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं. "बाय! कलवायचा तरी!" असं म्हणत तिनं थोरल्या बहिणीचा हात धरून आत नेलं. आम्ही गणपतीच्या देवळात आलोय, असं तिला वाटलं. काकी बसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे केला.

"मी लिवलाय."

"तू?" धाकलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिचं तोंड एकदम उजळलं. "बाय, तू लिवलास? तू?" ती चौथीपर्यंत शिकलेली. चष्मा लावून, खिडकीपाशी जाऊन, शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचायला लागली.

"'धाकले, मी बाय. मी लिवाला शिकले. पयला तुलाच लिवते.'" ती थांबून हसली, चष्मा पुसला. "'तुला आठवतं का आपन कचेरीन गेलेलो. मी तुला बोलले बाबाचे जमनीवर आपल्या दोगींचा नाव लावाचाय. तू वाचलास नाय. मी बोलले म्हनून तू सई केलीस. त्या खोटा...'"

आवाज तिथं थांबला. पुढचं तिनं मनात वाचलं. पान एकच होतं, पण अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं. तिला वेळ लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. काकी दारापाशी, मान ताठ.

वाचून झाल्यावर धाकलीनं कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला. आत जाऊन चहाखालचा गॅस बंद केला. बाहेर आली.

"जा तू आथा."

"धाकले..."

"नाय. जा."

स्टेशनवर बाकावर बसल्यावर काकींनी मला सगळं सांगितलं. बापाला दोन मुलीच. काकींनी मीठ वाहिलं आणि धाकलीला शाळेत घातलं. काकींचा नवरा घरजावई होऊन आला, त्यानं जमीन कसली. बिल्डर आला तेव्हा तो म्हणाला, धाकलीचं लग्न करून दिलं तेव्हाच तिचा वाटा फिटला. हक्क सोडल्याचा कागद त्यानं तयार करून आणला. पण त्यानं सांगितलं असतं तर धाकलीनं सही केली नसती. म्हणून काकींनी सांगितलं. "मी अंगठेवाली. तिला वाचता येत व्हता गो. पन ती मना बोलली, तू सांगतेस तं वाचू कशाला?" धाकलीच्या नवऱ्याच्या बाराव्याला काकी ती दीड खोली बघून आल्या आणि तेव्हापासून धडधड.

मी त्यांचा हात धरला आणि सवयीनं नाडी बघितली. "कसं वाटतंय?"

"लय वाईट," काकी म्हणाल्या. "लय म्हंजे लय. पन कोंबरा गप हाय."

पुढे दोन महिने धाकलीनं फोन उचलला नाही. काकी रोज करायच्या. घरात वेगळीच गडबड. जमीन तर केव्हाच गेलेली, पण जुनं घर काकींच्या नावावर होतं. त्यांनी मुलांना सांगितलं, हे घर दोघी बहिणींचं करायचंय. थोरला मला जिन्यात भेटला. "मॅडम, आईला तुम्हीच शिकवलंत ना लिहायला?" मी हो म्हटलं. रेलिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "डॉक्टरांनी बरं वाटायला लिहायला सांगितलेलं. आम्हाला काय माहीत, आत हे असेल."

तो वाईट माणूस नव्हता. आठ दिवस त्यानं आईशी बोलणं टाकलं, नवव्या दिवशी स्वतःच वकील शोधून आणला.

मग काकी मला म्हणाल्या, "पोरी, वरची खोली मना लागल."

मी दीड वर्ष तिथं राहिले होते. म्हटलं, "ठीक आहे," आणि वर गेले. पाच मिनिटांत काकी मागोमाग.

"राग आला?"

"नाही."

"खरा बोल."

"आला."

"आलाच पायजे," त्या म्हणाल्या आणि माझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसल्या.

धाकली येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. काकींनी घराचे कागद मुलाबरोबर टिटवाळ्याला पाठवले होते. ते तिनं ठेवून घेतले, निरोप दिला नव्हता. तरी काकींनी वरची भिंत रंगवून घ्यायला माणूस ठरवला. मला वर्तकनगरला लॅबजवळ एक खोली मिळाली होती. टेम्पो सकाळी दहाला यायचा होता. मी शेवटची बॅग घेऊन खाली उतरत होते, तेव्हा अंगणात रिक्षा थांबली.

धाकली उतरली. एक ट्रंक, दोन पिशव्या. रिक्षावाल्यानं सामान ओट्यावर ठेवलं आणि तो गेला. काकी हातात पळी घेऊन तशाच बाहेर आलेल्या. दोघी समोरासमोर उभ्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, बॅग खाली ठेवायचीही हिंमत होईना.

"मी माफ केला नाय, बाय," धाकली म्हणाली. "आधीच सांगते."

"व्हय," काकी म्हणाल्या.

"राहाला आयले."

काकी दारातून बाजूला सरल्या. "ये. भात कमी परल. अजून टाकते."

धाकली आत गेली. मी ट्रंकेची एक कडी धरली, काकींनी दुसरी, आणि आम्ही ती वर चढवली.